रिकाम्या गाडीखालची माणसं

"गाडी गॅरेजात नेणं म्हणजे आपल्याला हात नाहीत हे जगजाहीर करणं!" रविवारी सकाळी जावईबापूंनी बाह्या सरसावल्या. "इंजिन ऑइल बदलायला लागतं काय? एक जॅक, एक पाना आणि थोडी अक्कल!"

"जॅक आणि पाना आहे ना घरात?" सासूबाईंनी शांतपणे विचारलं.

जावईबापू विमा कचेरीत कारकून. आजवर त्यांनी स्वतःच्या हाताने बदललेली सर्वांत अवघड वस्तू म्हणजे न्हाणीघरातला दिवा. सासूबाई मात्र तीस वर्षं कारखान्यात सुपरवायझर! वर उचललेल्या वस्तूखाली आधी टेकू, मग माणूस, हा त्यांचा नियम. पलंगाखाली झाडू घालायचा तरी त्या आधी पलंग गदागदा हलवून बघत.

अंगणाला उतार होता. जावईबापूंनी जॅक लावला, दांडा फिरवला आणि गाडीने नाक वर केलं. त्यांनी बॉनेट उघडून ठेवलं, चपला बंपरखाली सोडल्या आणि पाठीवर सरपटत आत शिरले.

"अहो, जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नाही! खाली दोन स्टँड लावा, मागच्या चाकांना ओंडके लावा."

"आई, या जॅकवर माझा पूर्ण विश्वास आहे!"

"त्याचा तुमच्यावर आहे का?"

पण ऑइलच्या बुचाला पाना काही बसेना. जावईबापू धडपडत बाहेर आले. "आलोच! मोठा पाना घेऊन येतो. तुम्ही या स्टुलावर टॉर्च धरून बसा." ते अनवाणीच मागच्या दाराने घरात गेले, कारण नुकत्याच पुसलेल्या फरशीवर चपला नेल्या असत्या तर बायकोने त्यांनाच पुसून काढलं असतं!

सासूबाईंनी संधी साधली. टॉर्च गाडीखाली पेटता ठेवून त्या तडक कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे स्टँड मागायला निघाल्या.

इकडे जावईबापू माळ्यावरच्या पेटीत डोकं घालून पाना शोधत होते. तेवढ्यात बाहेर धाडकन आवाज झाला! पाठोपाठ गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बायकोची किंकाळी. "धावा हो धावा! गाडी पडली! माणूस खाली आहे!"

जावईबापू धावत बाहेर येऊन बघतात तो स्टूल रिकामं, गाडी जमिनीला टेकलेली, आणि तिच्याखाली टॉर्च लुकलुकतोय! आई! टॉर्च धरायला आपणच बसवलं त्यांना! वाकून आत बघत असतील बिचाऱ्या!

शेजारपाजारचे पाच-सहा जण आधीच गाडीला भिडले होते. जावईबापूंनी कुणाचंही काही न ऐकता डाव्या चाकाशी खांदा लावला. "उचला! जोर लावा! आई, धीर सोडू नका!" त्यांचे डोळे भरून आले. "चूक माझी आहे हो! तुम्ही स्टँड म्हणालात, ओंडके म्हणालात, मी ऐकलं नाही. मी गाढव आहे, आई!"

उघड्या बॉनेटच्या पलीकडून, उजव्या चाकाशी, कुणीतरी त्याच चालीत हंबरडा फोडत होतं. "उचला रे! अहो, श्वास घ्या! घाबरू नका! असा गुणी जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही हो! मीच मेली सारखी टाकून बोलते त्यांना!"

"एक, दोन, तीन!" गाडीचं नाक पुन्हा वर गेलं. तोवर खाली धावत आलेल्या बायकोने जमिनीवर आडवं पडून आत बघितलं.

"खाली कोणीच नाही!" ती ओरडली.

"नीट बघ! आई आहेत!"

"नीट बघ! जावई आहेत! त्यांच्या चपला इथेच आहेत!"

शेजाऱ्यांनी गाडी अलगद खाली ठेवली. मग बॉनेटच्या डाव्या बाजूने एक डोकं बाहेर आलं आणि उजव्या बाजूने दुसरं. जावईबापूंच्या नाकावर काळं, सासूबाईंच्या पायाशी मेकॅनिककडून आणलेले दोन स्टँड!

"आई!"

"अहो!"

दोघं एकमेकांच्या गळ्यात पडायचेच बाकी होते. जावईबापूंना इतका आनंद झाला की त्यांनी शेजाऱ्यांशीही हात मिळवले. वर्षानुवर्षं "अगदीच बावळट" ऐकलेल्या कानांत "गुणी जावई" नुसतं घुमत होतं. अखेर न राहवून त्यांनी हळूच विचारलं, "आई, मघाशी ते गुणी वगैरे म्हणालात..."

सासूबाईंनी पदर खोचला. "ते तुम्ही गाडीखाली होतात म्हणून! आणि तुम्ही स्वतःला गाढव म्हणालात, ते मात्र अख्ख्या गल्लीने ऐकलंय."

मग मागच्या चाकांना ओंडके लागले, स्टँड लागले. सासूबाईंनी गाडी तीनदा गदागदा हलवली आणि मगच मान डोलावली. जावईबापू खाली शिरले. मोठा पाना बसला, बूच निघालं आणि काळंकुट्ट ऑइल घमेल्यात पडू लागलं. जमलं! त्यांना आभाळ ठेंगणं झालं. आता आपण गाडीखाली आहोतच, तेव्हा दोन गोड शब्द ऐकायला ते कान टवकारून पडून राहिले.

पाच मिनिटांनी वरून आवाज आला, "झोपलात की काय? आवरा लवकर, स्टँड परत द्यायचेत!"