कुलूपरावांचा खोटा नंबर

आपली गुपितं जगात फक्त दोघांना ठाऊक असतात, असं कुलूपराव छातीठोकपणे सांगत. एक ते स्वतः, आणि दुसरेही तेच!

ऑफिसातल्या गोपनीय फायलींची खोली बावीस वर्षं त्यांच्या ताब्यात होती. साहेबांनी साहेबांचीच फाईल मागितली, तरी हे आधी ओळखपत्र मागायचे. कुलूपराव हे नाव काही उगाच पडलं नव्हतं.

तर अशा माणसाने मोबाईलवर पुरुषांच्या खासगी आरोग्याचं ॲप घेतलं! पन्नाशी जवळ आली होती, काही गोष्टी पूर्वीसारख्या राहिल्या नव्हत्या, आणि डॉक्टरसमोर बसून ते बोलायचं म्हणजे अंगावर काटा. ॲपला निदान डोळे तरी नसतात! प्रश्न मात्र भलतेच आगाऊ. शेवटचं कधी? उत्साह दहापैकी किती? कुलूपरावांनी इकडेतिकडे बघून ‘चार’ लिहिलं. पत्नी समजून घेते का? ‘कधी कधी.’ सगळ्यात खाली ओळ होती, ‘माझी माहिती सहयोगी कंपन्यांना देण्यास हरकत नाही.’ तिथेही त्यांनी खूण केली. फॉर्ममध्ये रकाना रिकामा सोडणं त्यांच्या रक्तातच नव्हतं!

खोटेपणा केला तो एकाच ठिकाणी. फोन नंबर म्हणून त्यांनी सासऱ्यांच्या घरचा जुना, वायरवाला नंबर दिला. तो फोन बंद करायचा अर्ज वर्षापूर्वी सासऱ्यांनी त्यांच्याकडेच सोपवला होता. दिला होता ना आपण? दिलाच असणार, म्हणजे नंबर कधीच बंद झालेला!

आठवड्याभरात सासूबाईंचा निरोप आला, “दोघंही असाल तसे निघून या.”

जाऊन बघतात तर सासूबाई बहिणीकडे कायमचं जायला बॅग भरत होत्या. टेबलावर गोळ्यांची फुकट आलेली डबी होती. नंबरावरून पत्ता काढून कुणीतरी ती घरपोच पाठवली होती. डबीवर एक घोडा दात काढून हसत होता.

“सहा दिवसांत एकोणीस फोन!” सासूबाई म्हणाल्या. “वर्षभरात कुणाचा फोन नाही, म्हणून मी आपली हौसेने धावतेय! तर फोनवरची पोरगी विचारते, सरांचा उत्साह अजून चारच आहे का?”

“चार!” सासरे गरजले. ते गणिताचे निवृत्त मास्तर. “अहो, गणितात मी आयुष्यात नव्वदच्या खाली गेलो नाही!”

“तुमचे मार्क घाला चुलीत! बायको कधी कधी समजून घेते, असं सांगितलंत तिला. सत्तेचाळीस वर्षं तुमचे खडूने माखलेले शर्ट धुतले मी. कधी कधी?” त्या पुन्हा बॅगेकडे वळल्या.

“आई, जाहिरात असेल गं,” बायको म्हणाली.

“जाहिरातीला आपल्या घरातलं कसं कळतं?”

कुलूपराव हळूच दाराकडे सरकले. तेवढ्यात सासऱ्यांनी त्यांचा हात धरला. “जावईबापू, तुम्ही गोपनीय खात्यातले. तुमच्यावर तिचा विश्वास आहे. हे मी केलेलं नाही, एवढं सांगा तिला.”

गप्प बसलं तर गुपित शाबूत, पण सत्तेचाळीस वर्षांचा संसार संध्याकाळच्या बसने जाणार! कुलूपरावांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

“आई, बाबांनी काही सांगितलं नाही,” ते घोड्याकडे बघत म्हणाले. “मी एका ॲपमध्ये लिहिलं. नंबर इथला दिला. चार… माझे आहेत.”

मग बायकोने हळूच विचारलं, “आणि ते ‘कधी कधी’?”

“तेही माझंच.”

“म्हणजे माझ्याबद्दलच की हो!” असं म्हणून ती तरातरा स्वयंपाकघरात निघून गेली.

सासूबाईंनी मात्र बॅगेतले कपडे भराभर कपाटात टाकले. “अहो, दोन दिवस धड जेवला नाहीत, चला आता,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. सासऱ्यांनी चष्मा पुसला आणि ते नव्वद मार्कांच्या रुबाबात खुर्चीवर बसले.

कुलूपरावांनी तिथल्या तिथे खातं बंद करायला घेतलं. ॲप म्हणालं, खात्रीसाठी गुप्त आकडे तुमच्या नोंदलेल्या नंबरवर फोन करून सांगण्यात येतील.

“नको!” कुलूपराव किंचाळले. पण फोन खणखणला, आणि सासूबाई सवयीने धावल्या.

“सात! तीन! शून्य! आठ!” शेजारची खिडकी उघडली. “घेतलंत का, जावईबापू? थांबा, थांबा, ती अजून काहीतरी विचारतेय! जाता जाता सांगा म्हणते, चाराच्या पुढे काही सुधारणा?”

कुलूपराव काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून बायकोचा खणखणीत आवाज आला.

“आई, तिला म्हणावं, तीन कर!”