लांबी ४१२, डावी बाही अर्ध्यात

“आपली वही चुकणार नाही!” असं शिंपीबुवा वर्षभर सांगत होते. दुकानात सांगत होते, दाढी करताना न्हाव्याला सांगत होते, आणि कुणी नसलं की आरशाला सांगत होते. आरसा दुकानातलाच असल्यामुळे त्यानंही कधी उलट उत्तर दिलं नाही.

तशा वह्या दोन. एक मापांची. गिऱ्हाईक आलं की शिंपीबुवांनी टेप लावायची, दिसेल ते लिहायचं, आणि आतल्या खोलीत शिंपीणबाईंनी ते वाचून कापड बेतायचं. लिहिणं त्यांचं, कात्री तिची, शिवण पुन्हा त्यांची. तीस वर्षं दुकान असं चाललं होतं, आणि तीस वर्षांत शिंपीणबाईंना लेखणी हातात धरायची वेळ आली नव्हती.

दुसरी वही कादंबऱ्यांची. ती याच वर्षाची, आणि सगळं रामायण घडवलं ते तिनं.

त्याचं असं झालं. शिंपीबुवा दर शनिवारी वाचनालयातून एक कादंबरी आणत. रविवारी दुकान बंद, म्हणून दिवसभर घोरत. सोमवारी वाचायला घेत आणि पान सतरावर येऊन कपाळावर हात मारत! कारण त्या पानाच्या कडेला कुणीतरी, निळसर, पुसट, गोल गोल अक्षरांत, शेवट लिहून ठेवलेला असे. ‘खून माळ्यानं केला.’ ‘ती परत येत नाही.’ ‘पोरगं जगतं, काळजी नको.’

“अगं, हा कोण चांडाळ माझ्याआधी वाचतो?” शिंपीबुवा कळवळत.

“असेल कुणी घाईतलं,” शिंपीणबाई म्हणत आणि कात्री कचाकचा चालवत.

म्हणून जानेवारीत जेव्हा ग्रंथपालबाईंनी जाहीर केलं, की जो वाचक वर्षभरातल्या कादंबऱ्यांची सगळ्यात जिवंत नोंद ठेवील, त्याला पुढचं वर्षभर प्रत्येक नव्या पुस्तकाचा पहिला हात मिळेल, तेव्हा शिंपीबुवांच्या डोळ्यांत दिवे लागले. पहिला हात! कोरं पुस्तक! कोरं पान सतरा!

“लिहा की मग,” शिंपीणबाई म्हणाल्या. “पण एक सांगून ठेवते हं. तुमच्या कादंबरीपायी एक जरी कपडा बिघडला ना, तर दुकानात पुस्तक दिसता कामा नये. एकसुद्धा!”

“आपली वही चुकणार नाही!” शिंपीबुवा म्हणाले. आणि उरलेल्या तपकिरी अस्तराचं कव्हर त्यांनी दोन्ही वह्यांना घातलं. सारखंच. दिसायला बरं दिसतं म्हणून!

आता शिंप्यानं कादंबरीबद्दल लिहायचं म्हणजे कसं लिहायचं? मोठमोठे शब्द त्यांना येईनात. मग त्यांनी आपल्याच भाषेत लिहिलं. पानं किती, ती लांबी. मुख्य गोष्ट म्हणजे अंग, आजूबाजूच्या गोष्टी म्हणजे बाह्या. जिथं कंटाळा आला तिथं सैल, जिथं जीव गुदमरला तिथं घट्ट. कादंबऱ्यांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, म्हणून पानावर मथळा द्यायचा तो नायकाच्या धंद्याचा. ‘गवंडी.’ ‘दाताचा डॉक्टर.’ आणि मापांच्या वहीतही, माणसांची नावं लक्षात राहत नसत म्हणून, मथळा धंद्याचाच. ‘गवंडी.’ ‘दाताचे डॉक्टर.’

तुमच्या लक्षात आलं असेल. त्यांच्या नाही आलं.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात स्टेशनमास्तर निवृत्त व्हायचे होते. शनिवारी चार वाजता फलाटावर निरोप, हार, भाषणं. त्यासाठी नवा कोट. माप पंधरा दिवसांपूर्वीच घेतलं होतं, पण नेमका तेव्हा शिंपीबुवांचा जीव एका कादंबरीच्या चौदाव्या प्रकरणात अडकला होता. ती कादंबरीही एका स्टेशनमास्तरचीच. तिची शिवण उसवलेली, त्यामुळे ती घरी मिळाली नव्हती. रोज तासभर वाचनालयातच बसून संपवावी लागली होती. टेप खऱ्या खांद्यावर, मन दुसऱ्याच फलाटावर. हातानं काय लिहिलं ते डोक्याला विचारायचं नाही.

सोमवारी सकाळी शिंपीबुवांनी अस्तराच्या कव्हरची वही छातीशी धरून वाचनालयात नेऊन दिली. मंगळवारी शिंपीणबाईंनी अस्तराच्या कव्हरची वही उघडली.

“स्टेशनमास्तर... स्टेशनमास्तर... हां!” त्यांनी वाचलं, आणि पुन्हा वाचलं. मग पडद्यातून डोकं बाहेर काढलं. “अहो, हे लांबी चारशे बारा काय लिहिलंय?”

शिंपीबुवा शेवटची कादंबरी वाचत होते. “लिहिलंय ना? मग आहे.”

“म्हणजे एक्केचाळीस इंच आणि वर दोन सूत धरू?”

“धर.”

“गुडघ्यापर्यंत येईल!”

“आपली वही चुकत नाही!”

डोकं आत गेलं. परत आलं. “गळा सुरुवातीलाच आवळलाय, म्हणे.”

“मग आवळ.”

“पोटात सैल, दोन माणसं मावतील. आतला खिसा खोल, पण शेवटपर्यंत उघडत नाही. म्हणजे शिवून टाकायचा? आणि डावी बाही अर्ध्यात तोडलीय! अहो, डावी बाही!”

इकडे कादंबरीतल्या नायिकेनं विहिरीत पाय सोडले होते. “अगं, लिहिलंय तसं कर ना! मध्ये मध्ये का बोलतेस?”

“शेवट दुमडलेला नाही, धागे लोंबतात,” शिंपीणबाईंनी दबक्या आवाजात वाचून संपवलं. “बाकी नेहमीचं.”

त्यांनी कात्री खाली ठेवली. मग मनाशी म्हणाल्या, निवृत्त होतोय माणूस, होत असेल काहीतरी मनातून. बाकी नेहमीचं, म्हणून छाती आणि खांदे त्यांनी मास्तरांच्या जुन्या कोटावरून घेतले. आणि चालवली कात्री!

बुधवारी बेतलेले तुकडे शिंपीबुवांसमोर आले. त्यांनी डावी बाही उचलली, उलटी केली, उजेडात धरली. बाही कसली, उशीचा अभ्राच तो! हिनं चूक केली म्हणावं, तर तीस वर्षांत हिची कात्री चुकली नाही. विचारावं, तर आपण काय लिहिलं ते आपल्यालाच आठवत नाही, हे कबूल करावं लागणार. आणि कबूल केलं, की संपलं! पुस्तकं दुकानाबाहेर!

“काय हो, काय बघताय?”

“काही नाही. बरोबर आहे.”

“बरोबर ना?”

“अगदी!”

आत शिंपीणबाई गोंधळलेल्या, बाहेर शिंपीबुवा गोंधळलेले, आणि मध्ये मशीन बिचारं खडखड करत, काय शिवतंय ते न कळता शिवत होतं.

शनिवारी तीनला स्टेशनमास्तर आले. मितभाषी माणूस. कोणतीही गाडी कितीही उशिरा आली तरी ‘येईल’ एवढंच म्हणणारा. त्यांनी कोट चढवला आणि आरशासमोर उभे राहिले.

आरशानं आयुष्यात पहिल्यांदाच डोळे फिरवले असतील! गळा असा, की मास्तरांचा चेहरा सिग्नलसारखा लाल झाला. पोटाशी असा घेर, की कोटाच्या आत आणखी एक मास्तर बसून तिकिटं फाडू शकले असते! खाली धाग्यांची झालर. आणि डाव्या कोपरापासून पुढं उघडा, पांढरा, गरीब हात.

मास्तरांनी उजव्या हातानं डावं कोपर झाकलं.

“डाव्या हाताला,” मास्तर शेवटी हळूच म्हणाले, “जरा वारा लागतोय.”

“तुम्हीच सांगितलंत ना तसं?” शिंपीबुवांनी विचारलं.

“मी?” मास्तर विचारात पडले. “सांगितलं असेल. हल्ली माझ्या काही लक्षात राहत नाही.”

“बघा! मला वाटलंच होतं!” शिंपीणबाईंचा जीव भांड्यात पडला. “यांच्या मनातूनच होतं!”

मास्तरांनी जुन्या कोटातून एक चष्मा काढला. बायकी, बारीक दांडीचा. तो नव्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवायला गेले. खिसा उघडेना. एकदा चाचपला, दोनदा चाचपला. मग चष्मा तसाच मुठीत धरून उभे राहिले. शिंपीबुवांनी ती मूठ बघितली. आता खरं सांगायलाच हवं, मग पुस्तकं जावोत नाहीतर राहोत! त्यांनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात दारातून ग्रंथपालबाई आत आल्या. छातीशी वही, हातात रुमाल, नाक लाल.

“शिंपीबुवा! दोनशे अकरा! एका वर्षात दोनशे अकरा कादंबऱ्या! आणि काय हो लिहिलंय! मी तीन दिवस रडतेय!”

“दोनशे अकरा?” शिंपीबुवांनी बोटं मोजली. “मी तर शेहेचाळीस...”

“हे ऐका! दाताचे डॉक्टर : वाकून वाकून पाठ गोल. पुढून आखूड, मागून लांब हवं. अहो, एका ओळीत सगळा माणूस! आणि हे गवंडी : हात सारखे वर, म्हणून सदरा बाहेर येतो. चार इंच जास्त देणे. देणे! काय शब्द आहे!” त्यांनी पान उलटलं. “पण सगळ्यात मोठी ही. एकशे अठ्ठ्याण्णव नंबरची. ही कादंबरी मला सापडतच नाहीये. कुणाची आहे ती तेवढं सांगा.”

आणि त्यांनी वाचलं :

“स्टेशनमास्तर. छाती सदतीस. मागच्या वर्षी चाळीस होती. विचारू नये. डावा खांदा अर्धा इंच खाली, झेंड्याचा हात. आतला खिसा मोठा, त्यात बायकोचा चष्मा असतो. कमरेत घट्ट नको. शिवणीत कापड जास्त ठेवावं. माणूस परत भरेल, जागा ठेवावी.”

ग्रंथपालबाईंनी रुमालानं नाक पुसलं आणि वही मिटली.

मास्तरांनी मुठीतल्या चष्म्याकडे बघितलं, मग शिंपीबुवांकडे. “सदतीस झाली का?” ते म्हणाले. “मला वाटलं, कोटच सैल झालाय.”

शिंपीणबाईंनी ग्रंथपालबाईंच्या हातातली वही पाहिली. मग टेबलावरची वही पाहिली. अस्तर तेच, तपकिरी तेच.

“अहो!” त्या म्हणाल्या.

बस, एवढंच. पण तीस वर्षांच्या संसारात ‘अहो’चे जे चाळीस प्रकार असतात, त्यातला हा एकोणचाळिसावा होता. चाळिसावा आला, की माणसानं बॅग भरायची.

“किती वाजले?” शिंपीबुवांनी विषयाला कात्री लावली.

“सव्वातीन,” मास्तर म्हणाले. घड्याळाकडे न बघता. बरोबर सव्वातीनच होते.

“पाऊण तास! उतरवा कोट!”

मग जे झालं ते बघायला हवं होतं! दोन माणसांच्या पोटाचं कापड निघालं, त्यातून डावी बाही झाली. खालचं कापड कापलं, त्यातून गळ्याला पट्टी आली. ग्रंथपालबाई आरामखुर्चीत बसून वहीतली मापं वाचत होत्या, कवितेसारखी, थांबून थांबून. शिंपीणबाई ओरडत होत्या, “बाई, भावना नंतर! आकडा सांगा, आकडा!” खिशाची शिवण स्वतः शिंपीबुवांनी उसवली, एकेक टाका, जखमेचा काढावा तसा. चारला पाच कमी असताना मास्तरांनी कोट घातला, चष्मा आत ठेवला आणि वरून थोपटला.

“कमरेत जागा ठेवलीय,” शिंपीबुवा म्हणाले.

“भरेल,” मास्तर म्हणाले. आणि गाडी गाठायला निघाल्यासारखे झपाझप गेले.

राहिला निकाल. शिंपीबुवांनी खरी वही ग्रंथपालबाईंपुढे ठेवली. त्यांनी चार पानं चाळली, चष्मा वर केला, खाली केला.

“ही काय मापांची वही देताय मला?”

“बाई, याच कादंबऱ्या आहेत!”

“काहीतरीच! ‘मधे सैल, शेवट आखूड.’ यात जीव कुठं आहे? मी सांगितलं होतं, जिवंत नोंद. बक्षीस त्या वहीला. उगाच गोंधळ घालू नका माझा!”

ज्या कादंबऱ्या त्यांनी वाचल्या त्यांना बक्षीस नाही, आणि ज्या वाचल्याच नाहीत त्यांना बक्षीस! शिंपीबुवांनी समजून घ्यायचा दोनदा प्रयत्न केला. मग सोडून दिला. पहिला हात तर मिळाला! आणि कपडा बिघडूनही शिंपीणबाई पुस्तकांबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत, हे त्याहून आश्चर्य.

त्याच संध्याकाळी कोरी करकरीत कादंबरी घरी आली. पानं चिकटलेली, नवा वास. रविवारी शिंपीबुवा नेहमीसारखे, पण समाधानानं घोरले. सोमवारी त्यांनी पुस्तक उघडलं. एक, दोन, दहा, सोळा. डोळे मिटून, देवाचं नाव घेऊन, पान उलटलं.

पान सतरा. कडेला निळसर, पुसट, गोल गोल अक्षरं.

शिंपीबुवांनी कपाळावर हात मारला. आपल्याआधी वाचणार कोण? कुणीच नाही! पहिला हात! त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं. बोट निळं झालं. तसं त्यांचं बोट तीस वर्षं निळंच होतं, दुकानातल्या कापड आखायच्या खडूनं. म्हणून तर आजवर कळलं नव्हतं...

त्यांनी पडद्याकडे बघितलं. पडद्यामागे कात्री थांबली होती.

“अगं,” ते कसेबसे म्हणाले, “तू वाचतेस?”

“मग रविवारी दिवसभर तुमचं घोरणं ऐकू?” पडदा म्हणाला. “एक ती स्टेशनमास्तरची तेवढी घरी आणली नाहीत, म्हणून फसले. नाहीतर मी ओळखली नसती?”

“पण शेवट का लिहितेस गं?”

“लवकर संपवून कामाला लागाल म्हणून! एका वर्षात शेहेचाळीस शेवट लिहिले मी, माणूस कधी पुस्तकातून वर बघेल तर शपथ!”

शिंपीबुवांनी चष्मा पुसला आणि पान सतराच्या कडेला लिहिलेलं नीट वाचलं.

‘शेवटी दोघं एकत्रच राहतात. काजं करा.’