खासदारांना गाठायची जागा

आमच्या मलकापुरात कुणी गेलं की सुभेदार आबांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "रक्षाविसर्जनाला खासदार येणार का?"

आमच्याकडे तिसऱ्या दिवशी नदीकाठी रक्षाविसर्जन होतं आणि त्याला पुढारी येतात. गेलेला माणूस ओळखीचा असायची गरज नसते. घरात मतं असली की पुरतं. माइकवर श्रद्धांजलीची भाषणं होतात आणि शेवटी सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहतात. लग्नातून अक्षता टाकून पळता येतं, उद्घाटनातून फीत कापून. इथून पळता येत नाही, कारण लोक बघत असतात. ही जागा आबांनी हेरली. स्तब्धता संपली की ते सरळ चालत जातात, खिशातलं निवेदन काढतात आणि म्हणतात, "सायेब, तेवढं इस्रायल-पॅलेस्टाइनचं संसदेत मांडा. कवा मांडताय ते उभ्या उभ्या सांगा."

"आबा, आपण बसून बोलू," खासदार म्हणतात आणि बसतात. गाडीत.

मी त्यांचा शेजारी. कॉलेजात इतिहास शिकवला, आता निवृत्त. निवेदनातलं मराठी माझं आणि स्कूटरही माझी. आबा मागे बसतात ते ताठ, दोन्ही हात मांडीवर, कशालाही न धरता. खड्डा आला की मी हादरतो, ते हादरत नाहीत. नोकरीत असताना ते निळी टोपी घालून संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत लेबनॉनच्या सीमेवर होते. त्याबद्दल विचारलं की म्हणत, "तारंच्या दोन्ही बाजूला पोरं रातभर जागी असायची." पुढं काही नाही.

मागणी साधी होती. युद्ध थांबावं, ओलीस घरी जावेत, तोडलेलं पाणी आणि वीज सोडावी, दोन्हीकडच्यांना आपापल्या जमिनीवर बिनघोर राहता यावं; आणि यासाठी आमच्या खासदारांनी सभागृहात एकदा तोंड उघडावं. एकदा ते निवेदन आम्ही रीतसर त्यांच्या संपर्क कार्यालयात दिलं. तिथल्या स्वीय सहायकानं 'पाणी बंद, वीज बंद' एवढंच वाचलं असावं. कागद पाणीपुरवठा विभागाकडे गेला आणि काही दिवसांनी, मी शेजारी बसलो असताना, आबांना एका उपअभियंत्याचा फोन आला.

"आबा, ही गाझा वस्ती पाटणच्या अंगाला येती का?"

"न्हाई. लय लांब हाय."

"पाणी कवापासनं बंद हाय?"

आबांनी त्याला सगळं सांगितलं. पोरं खारं पाणी पितात, टँकरपाशी रांगेत उभी असलेली माणसं मरतात, सगळं. मग तो म्हणाला, "आवं, हे माझ्या हातात न्हाई हो."

मी हसत होतो. आबा म्हणाले, "हसू नगा, सर. एवढ्या सरकारात पाणी कवापासनं बंद हाय म्हणून इचारणारा त्यो एकटाच निघाला."

त्यानंतर मला या प्रकरणात हसू आलेलं नाही. आमच्या खासदारांना मत नाही असा विषय जगात नाही. क्रिकेटचा संघ जिंकला की चौकात त्यांचा फलक, नटाचं लग्न झालं की फलक, स्वतःचा वाढदिवस तर आठवडाभर. जिभेला विश्रांती नसलेला हा माणूस मेलेल्या पोरांचा विषय निघाला की घड्याळ बघतो. कारण उघड आहे. त्या पोरांचं नाव आमच्या मतदारयादीत नाही.

गावही काही कमी नाही. चौकातली पोरं विचारायची, "आबा, तिकडं पाव्हणं हायत का तुमचं?"

"पाव्हणा असल्याबिगर रडायचं न्हाई, असं ठरलंय व्हय रं?"

मुसलमानांचा कैवारी म्हणून त्यांना शिव्या पडल्या. मग मिरजेच्या एका फळव्यापाऱ्यानं कौतुकानं पॅलेस्टाइनसाठीच्या सभेला बोलावलं. तिथं आबा म्हणाले, इस्रायलात घरात घुसून मारलेली आणि ओलीस नेलेली माणसंही कुणाची तरी लेकरं आहेत. माइक बंद पडला. येताना पिशवीत व्यापाऱ्यानं आधीच दिलेली डाळिंबं होती. आबा एवढंच म्हणाले, "डाळिंबं चांगली हायत."

त्यांच्या बाजूनं एकच माणूस होतं, त्यांच्या पत्नी शालनकाकी. टोपीला इस्त्री करायच्या, निवेदनाची घडी त्यांच्या खिशात घालायच्या. एकदा माझ्यासमोर त्यांनी विचारलं, "खासदार न्हाईच बोललं तर?"

"परत जाणार."

"मग जेवून जावा."

गेल्या हिवाळ्यात काकी गेल्या, मिरजेच्या दवाखान्यात. रक्षाविसर्जनाला खासदार आले. पाच-सहा गाड्या, मागे कार्यकर्ते, मोबाइलवर चित्रण करणारा वेगळा. माइक हातात घेऊन ते म्हणाले, काकी आदर्श माता होत्या, त्यांनी मुलांवर चांगले संस्कार केले.

आबांना मूलबाळ नाही. घाटावरच्या सगळ्या माना खाली गेल्या. मला तो माइक नदीत फेकावासा वाटला.

दोन मिनिटं झाली. खासदार हात जोडून आबांसमोर आले आणि सवयीनं आधीच म्हणाले, "आबा, ते आपण बसून..."

आबांनी खिशात हात घातला नाही. "सायेब, हिला तुमी कवा बघितलं बी न्हवतं," ते हळू म्हणाले. "तरी आला, गप उभं ऱ्हायला. बरं वाटलं मला. त्या लोकांसाठी मी येवढंच मागत हुतो."

खासदारांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, चित्रण नीट होईपर्यंत. मग गाड्या गेल्या. त्या अधिवेशनात ते बोलले, नाही असं नाही. विमानतळाच्या नावाबद्दल बोलले.

मला वाटलं, आबांचं आता संपलं. पण काकींचे दिवस झाल्यावर एका सकाळी ते टोपी घालून दारात उभे. टोपीची इस्त्री मोडलेली होती. बाहेरच्या जिल्ह्यातून ऊस तोडायला आलेला एक मजूर गेला होता, त्याचं रक्षाविसर्जन होतं.

"आबा, तिथं खासदार कशाला येतील? मतदार तिकडचा."

"ठावं हाय मला."

घाटावर मजुराची बायको, टोळीतली चार माणसं आणि आम्ही दोघं. माइक नव्हता, भाषण नव्हतं. आबांनी टोपी काढली आणि ते उभे राहिले. टोळीतल्या एकानं मला हळूच सांगितलं, मागच्या हंगामात त्यांचा माणूस गेला तेव्हाही आबा असेच आले होते. मग माझ्या लक्षात आलं की ज्या रक्षाविसर्जनांना खासदार आले नाहीत, त्यांनाही आबा जात होते. तेव्हा स्कूटर मागत नसत, म्हणून मला माहीत नव्हतं.

परत निघताना मी विचारलं, "निवेदन?"

"खिशात हाय. सायेब गावंल कवातरी." मग स्कूटरजवळ थांबून म्हणाले, "तिकडं सीमंवर निर्वासितांची वस्ती हुती. एक पोरगी गेली गोळ्यानं. कुणाचा गोळा, कळलं न्हाई. पुरताना भायेरचा मी एकटाच. तिच्या बापानं माझा हात धरला, त्यो सोडंचना. घरी आल्यावर हिला सांगितलं, तर म्हणली, तुमी तरी हुता."

ते मागे बसले. मी स्कूटर सुरू केली. पुलावर खड्डा आला तेव्हा माझ्या खांद्यावर त्यांचा हात पडला. घर येईपर्यंत तो तिथंच होता.