जनूभाऊंची गुलाबी केळी

भुईगावात आमच्या शेजारच्या जनूभाऊंकडे गेलं, की चहाच्या आधी स्क्रू-ड्रायव्हर येई. लोक पाहुण्यांना लग्नाचा अल्बम दाखवतात. हे गृहस्थ कॉम्प्युटरचं झाकण काढून आतलं ग्राफिक्स कार्ड दाखवत.

मुंबईतल्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून हयात घालवून निवृत्त होताना त्यांनी तिथला मोडीत काढलेला कॉम्प्युटर घरी आणला होता. गावात तेव्हा रंगीत टीव्हीसुद्धा मोजकेच.

"बघा मास्तर, डोकं वेगळं, हात वेगळा! डोकं गणितं करतं. चित्राची पाटी ह्या कार्डावर. कुठल्या ठिपक्याला कुठला रंग, ते डोकं पाटीवर लिहितं. कार्ड ते वाचून पडदा रंगवतं. पाटाचं पाणी वाफ्यावाफ्यातून फिरवतो ना, तसं वरनं खाली. तळाला पोचलं की परत वर. सेकंदाला साठ वेळा!"

"दमत नाही?"

"ते तुमच्यासारखं सरकारी नाही."

रंग मात्र एका वेळी चारच: काळा, पांढरा, निळसर आणि भडक गुलाबी. एवढ्यावर ते आपली वाडी काढत, एकेक झाड मोजून. नारळ निळे, केळी गुलाबी.

"कसली कीड म्हणायची ही? फवारा तरी मारा," त्यांच्या पत्नी कुसुमवहिनी बाहेरूनच म्हणत.

चित्र साठवून ठेवायचं फ्लॉपीचं यंत्र खाऱ्या हवेनं केव्हाच बंद पडलेलं. वीज गेली की पाटी कोरी, आणि वीज तर रोजच जाई. मग जनूभाऊ ठिपक्यांचा हिशेब मांडलेली आलेखवही उघडून पुन्हा पहिल्या ठिपक्यापासून सुरुवात करत.

"अहो, वाडी दाराबाहेर आहे. खिडकी उघडा की," मी चिडवायचो.

ती दाराबाहेर होती त्या चैत्रापर्यंत. भावांना वाटणी हवी होती, बिल्डरला जमीन. जनूभाऊंनी घर तेवढं राखलं आणि सही केली. माणूस इतके महिने रोज नव्यानं वाडी का काढत होता, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. मला माझीच लाज वाटली.

झाडं पाडली त्या आठवड्यात मी गेलो, तर दोघंही पडद्यासमोर. वहिनी त्या खोलीत बसलेल्या मी प्रथमच पाहिल्या.

"चाफा चुकलाय," त्या म्हणाल्या. "विहिरीच्या अलीकडे होता. मी लावलेला, मला ठाऊक."

एरवी वादाला पटाईत जनूभाऊंनी पेन्सिल उचलली. वहीत खाडाखोड केली, विहिरीपलीकडचे ठिपके विझवले आणि वहिनींनी बोट ठेवलं होतं तिथे लावले.

"आता?"

"हं," वहिनी म्हणाल्या. बोट मात्र त्यांनी काचेवरून काढलं नाही.