पुडिंगातला एडवर्ड

"माणसाचं मन शांत करणाऱ्या गोष्टी जगात दोनच," सेड्रिक पॉमफ्रेट सांगत असे. "एक प्रार्थना आणि दुसरी म्हणजे मेटल डिटेक्टर घेऊन जुनी नाणी शोधणं. त्यातही प्रार्थनेत मोकळी हवा मिळत नाही!"

हे तत्त्वज्ञान त्याने शेवटचं सांगितलं तेव्हा तो लिंकनशायरमधल्या एका नांगरलेल्या शेतात नोव्हेंबरच्या पावसात उभा होता आणि त्याचा डावा बूट चिखलाने ठेवून घेतला होता. श्रोता म्हणून एक मेंढी होती. तीही अर्ध्यात उठून गेली.

नोकरीतून निवृत्त झाल्यापासून या मनःशांतीच्या शोधात सेड्रिकला बाटल्यांची बुचं, ट्रॅक्टरचे नट आणि एका घोड्याचे तीन नाल मिळाले होते. चौथा मिळेना म्हणून त्याला वर्षभर झोप लागली नव्हती. पण त्या शनिवारी यंत्र कुजबुजल्यासारखं वाजलं, सेड्रिकने उकरलं, आणि तळहातावर आला पहिल्या एडवर्ड राजाचा चांदीचा पेनी! सातशे वर्षांचा. नखाएवढा आणि कांद्याच्या सालीसारखा पातळ. सेड्रिक रडला. मग घरी आला आणि राजाला स्वयंपाकघरातल्या खिडकीत बशीभर पाण्यात ठेवून दिलं. माती आपली आपण सुटली पाहिजे. जुनं नाणं घासायचं नाही! ते म्हणजे म्हाताऱ्या पाहुण्याच्या टकलावर काथ्या फिरवण्यासारखं.

दुसरा दिवस रविवार, तोही ख्रिसमसचं पुडिंग, म्हणजे मनुका घालून वाफवलेला घट्ट केक, ढवळण्याचा. त्याची बायको मेव्हिस दरवर्षी चर्चच्या गळक्या छपरासाठी सात पुडिंगं करून विकते. प्रत्येकात चांदीचा एक जुना सिक्सपेन्स, म्हणजे सहा पेनींचं नाणं, घालते. ज्याच्या तुकड्यात तो निघेल त्याला वर्षभर भाग्य. गेली तीस वर्षं गावात मेव्हिसच्या पुडिंगाविना ख्रिसमस झालेला नाही. छप्पर मात्र अजून गळतं.

पुडिंग घरातल्या प्रत्येकाने डोळे मिटून ढवळायचं आणि मनात काही मागायचं अशी रीत आहे. सेड्रिक कानाला हेडफोन लावून अंगणात यंत्र तपासत होता, तसाच आत आला. मेव्हिसने काहीतरी विचारलं. तो "हो, हो" म्हणाला, डोळे मिटले, पळी फिरवली आणि मागितलं, "माझा एडवर्ड सुखरूप असू दे."

मंगळवारी बशी रिकामी दिसली.

"मेव्हिस! बशीतलं नाणं कुठाय?"

"घातलं की पुडिंगात. एक सिक्सपेन्स कमी पडला. तुला विचारलं तर म्हणालास, हो, हो."

"अगं, कानाला हेडफोन होते माझ्या!"

"अडतीस वर्षं तू हो, होच म्हणतोयस, सेड्रिक. हेडफोन कधी असतात आणि कधी नसतात ते मला कसं कळावं?"

"कुठल्या पुडिंगात घातलंस?"

"ते काय आता आठवतंय! सातही कालच गेली विकून. आणि किती कळकट रे ते! व्हिनेगर लावून खसाखसा घासलं तेव्हा कुठे राजाचं तोंड दिसलं."

सेड्रिक मटकन खाली बसला. खाली खुर्ची नव्हती.

मेव्हिसच्या हातातला टॉवेल थांबला. "महत्त्वाचं होतं का रे?" तिने विचारलं आणि तिचा खालचा ओठ किंचित पुढे आला. त्या ओठापुढे सेड्रिकचं आयुष्यात कधी काही चाललं नव्हतं.

"छे छे!" तो जमिनीवरूनच म्हणाला. "किरकोळ!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो यंत्र घेऊन पुडिंग विकत घेतलेल्या मिस पर्किसच्या दारात हजर.

"मिस पर्किस, जरा तुमचं पुडिंग बघू?"

"यंत्र लावून?"

"नेहमीची तपासणी."

"कसली?"

"धातूची," सेड्रिक म्हणाला. एवढा एकच शब्द त्याने गिळला असता तर पुढचं सगळं टळलं असतं!

यंत्र वाजलं. वाजणारच! आत कुठलं ना कुठलं नाणं होतंच, आणि वरून ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळलेला. कागदावरून यंत्र फिरलं की पुडिंग रुग्णवाहिकेसारखं ओरडे. एडवर्ड आत आहे की नाही, हे येशूलाच ठाऊक. मिस पर्किस मात्र पांढरी पडली होती.

सेड्रिक दुसऱ्या घरी पोचायच्या आत बातमी तिसऱ्या घरी पोचली होती. खाटकाच्या दुकानात पुडिंगात खिळा होता. टपाल कचेरीत सुई झाली. दारूच्या गुत्त्यात तर मेव्हिसची नजरच गेलेली होती आणि बिचारी मनुका समजून छर्रे घालत होती! संध्याकाळपर्यंत सातही पुडिंगं परत आली. चर्चच्या सभागृहात टेबलावर ती ओळीने मांडून पाद्रीबुवांनी वर पांढरी चादर घातली होती. अपघातानंतर घालतात तशी.

वेदीवरची फुलं बदलायला आलेल्या मेव्हिसने जमलेल्या गावकऱ्यांतून वाट काढत चादर उचलली.

मग हातमोजे काढून नीट घडी घालत म्हणाली, "पुढच्या वर्षी मिसेस क्रॉलना सांगा. त्यांची पुडिंगं कोरडी असतात, पण विश्वासाची असतात."

यंत्र घेऊन दारात आलेल्या सेड्रिकने हे ऐकलं. मिसेस क्रॉलच्या चेहऱ्यावरचं समाधानही पाहिलं. एडवर्ड, नाण्यांच्या क्लबातली वाहवा, त्याने मनात कौतुकाने सजवलेली काचेची पेटी, सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं. तो खुर्चीवर चढला.

"ऐका! पुडिंगात खिळा नाही! सुई नाही! पुडिंगात राजा आहे!"

मग त्याने सगळं सांगितलं: पेनी, बशी, हेडफोन. "चूक माझी. मेव्हिसच्या पुडिंगात दोष असला तर तो मी आहे!"

"किरकोळ म्हणालास ना रे?" मेव्हिस म्हणाली.

"तुझा ओठ..." सेड्रिक म्हणाला.

पुढचं कुणी ऐकलं नाही. मघाशी पुडिंगाला हात लावायला घाबरणारे लोक टेबलावर तुटून पडले होते.

"ते माझं!"

"तुझं कसं? तू खिळ्याच्या भीतीने परत केलंस ना?"

"रिबन बघा, रिबन! माझं लाल होतं!"

"सगळीच लाल आहेत!"

ऐंशी वर्षांची मिस पर्किस एका पुडिंगावर सरळ बसली. तेवढ्यात दार उघडलं आणि म्हातारा इनोक थॉर्प चिखलाच्या बुटांनिशी आत आला. पेनी सापडला होता तो त्याच्याच शेतात.

"शेतात सापडलेलं अर्धं शेतकऱ्याचं," तो गरजला. "अशी आमची बोली आहे, पॉमफ्रेट! म्हणजे प्रत्येक पुडिंग अर्धं माझं!"

पाद्रीबुवांनी कपाळाचा घाम पुसला आणि निवाडा दिला: सगळी कापा, सगळ्यांनी खा. आत्ताच!

ख्रिसमसला अजून महिना होता. पुडिंग मुरायला हवं, असं सगळेच म्हणाले आणि सगळेच बसले. सुरुंग पेरलेल्या रस्त्यावरून चालावं तसं अख्खं गाव चावत होतं. एक सिक्सपेन्स निघाला. मग दुसरा. पाद्रीबुवांना एक मिळाला तेव्हा ते चर्चमध्ये म्हणू नये असं काहीतरी म्हणाले. सहा सिक्सपेन्स निघाले आणि राहिलं मिस पर्किसच्या खालचं, जरा बसकं झालेलं पुडिंग. मिसेस क्रॉलनेही त्यातला तुकडा घेतला. चव बघायला नाही, म्हणाली, फक्त शोधायला.

कट्!

इनोकने तोंडात दोन बोटं घातली. बाहेर आला एडवर्ड. एका कडेला किंचित वाकलेला, पण व्हिनेगरने सातशे वर्षांनी तरुण झालेला!

सेड्रिक पुढे झाला. "इनोक, अर्धा तुझा आहे. तू विकायचाच म्हणालास तर मी काय बोलणार..."

इनोकने राजाकडे पाहिलं. मग सेड्रिककडे. मग कोपऱ्यात हातमोज्यांशी चाळा करत उभ्या असलेल्या मेव्हिसकडे. मग स्वतःच्या चाटून पुसून लख्ख झालेल्या बशीकडे. इतक्या वर्षांत त्याने छपरासाठी कधी एक पुडिंग विकत घेतलं नव्हतं.

त्याने पेनी कोटाला पुसला आणि सेड्रिकच्या हातावर ठेवला.

"अख्खा घे."

"आणि तुझा अर्धा वाटा?"

इनोकने बशी मेव्हिससमोर धरली.

"मेव्हिसबाई, अजून एक तुकडा मिळेल का? आणि क्रीम जरा सढळ हाताने."