पाचूबंदरचा लाभार्थी

"दिवाळीपर्यंत या संस्थेला अशी शिस्त लावते की डोळे मिटून चालेल," असं अश्लेषा चुरीने नवऱ्याला सांगितलं, तेव्हा सुधाकर भेंडी चिरत होता. त्याने मान वर केली नाही.

"डोळे तुझे मिटून की संस्थेचे?" एवढंच विचारलं.

अश्लेषाने आयुष्यभर विमा कंपनीत दावे निकाली काढले होते. मुदतीआधी निवृत्ती घेतली तेव्हा तिला वाटलं होतं, ज्या बाईने भल्याभल्या वकिलांना रांगेत उभं केलं, तिला म्हाताऱ्यांची एक छोटी संस्था काय जड जाणार. 'सोबती मंडळ' नावाची ही संस्था माणिकपूरला एका ड्रायक्लीनरच्या दुकानावरच्या खोलीत होती. काम ऐकायला अगदी सोपं. एकट्या पडलेल्या ज्येष्ठाकडे आठवड्यातून एकदा कुणीतरी जायचं, तासभर बसायचं, गप्पा मारायच्या. जाणारा तो स्वयंसेवक, आणि ज्याच्याकडे जायचं तो लाभार्थी. कोणाला कोणाकडे पाठवायचं ते अश्लेषा ठरवणार. पगार नाही. चहा स्वतःचा.

पंधरवड्यातच तिच्या लक्षात आलं की पगार नसलेल्या माणसाला कामावरून काढताही येत नाही आणि कामाला लावताही येत नाही. लोकांना सेवेची हौस दांडगी होती, फक्त ती घराजवळ, सोयीच्या वारी आणि शक्यतो पंख्याखाली करायची होती. एकीच्या सासूबाई येणार होत्या, दुसऱ्याचा गुडघा धरला होता, तिसरा रोज पहाटे गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात पाठवायचा आणि फोन केला की उचलायचा नाही. अश्लेषा संध्याकाळी घरी यायची ती पिळून वाळत घातलेल्या साडीसारखी. जेवताना बोलायची तेही मंडळाचंच. सुधाकर हं म्हणायचा आणि ताटात भाजी वाढायचा.

अशाच एका दुपारी पाचूबंदरहून इग्नेशियस तांडेलांचा फोन आला. चाळीसेक वर्षं समुद्रात बोट नेलेला माणूस. आता बोट मुलगे बघत होते. ते बोलत होते तेव्हा खाली ड्रायक्लीनरचं मशीन घरघरत होतं आणि अश्लेषाच्या दुसऱ्या कानाला दुसरा फोन होता.

"बाय, माझा ओटा मोठा हाय, वारा मस्त येतो," इग्नेशियस म्हणाले. "गुरुवारी दुपारी घरात कोनी नसतं. एकटा मानूस बसला तर त्याला बरा वाटेल. पाठवा कोनाला तरी."

अश्लेषाला मशीनच्या घरघरीतून ऐकू आलं ते एवढंच: घरात कोणी नसतं, एकटा माणूस, बरं वाटेल, पाठवा. तिचं मन भरून आलं. इतक्या मोकळेपणाने एकटेपणाची कबुली देणारा पुरुष तिने पाहिला नव्हता.

"काका, काळजी करू नका," ती म्हणाली. "याच गुरुवारी पाठवते."

आणि तिने गोखिवऱ्याच्या हरेश्वर तळवडेकरांना पाठवलं. तळवडेकर सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, बायको जाऊन काही वर्षं झालेली, मुलगा कॅनडात. कडक इस्त्रीचा शर्ट आणि खिशाला पेन. मंडळात दाखल होताना त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "मॅडम, मला सेवा करायची आहे. करून घ्यायची नाही."

पहिल्याच गुरुवारी संध्याकाळी तळवडेकरांचा फोन आला.

"भेट पार पडली. लाभार्थी तब्येतीने ठणठणीत वाटतात, पण आतून खचलेले असावेत. सतत मलाच विचारत होते, जेवलात का, झोप लागते का. स्वतःचं दुःख लपवण्याची ही पद्धत असते."

"असेल," अश्लेषा म्हणाली. तिच्यापुढे सहा स्वयंसेवकांचे नकार होते. एक माणूस वेळेवर गेला, वेळेवर परतला, याचंच तिला अप्रूप वाटलं.

"आणखी एक. त्यांनी मला सुरमई वाढली."

"मग छान की."

"मॅडम, आज गुरुवार. मी गुरुवार पाळतो. पण लाभार्थ्याचं मन मोडू नये असं तुम्हीच स्वयंसेवकांच्या शिबिरात सांगितलं होतंत. म्हणून खाल्ली." थोडं थांबून ते म्हणाले, "दोन तुकड्या."

दुसऱ्या दिवशी इग्नेशियसांचा फोन.

"बाय, तुम्ही पाठवलेला म्हातारा लई उपाशी होता. चार तुकड्या खाल्ल्या सुरमईच्या. आनि बोलतो किती! त्याच्याशी घरात कोनी बोलत नसेल. मी आपला ऐकून घेतला."

अश्लेषाच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

"काका," तिने जपून विचारलं, "तुम्ही मंडळात नक्की कशासाठी फोन केला होतात?"

"कशासाठी म्हंजे? सेवा करायला. मी ठणठणीत मानूस, घरी बसून काय करू?"

तिने डोळे मिटून घेतले. दोन स्वयंसेवक तिने एकमेकांच्या अंगावर सोडले होते, आणि दोघंही जीव तोडून एकमेकांची सेवा करत होते.

आता खरं सांगून टाकायचं, दोघांना वेगळी माणसं द्यायची, एवढंच करायचं होतं. तिने ते सोमवारी करायचं ठरवलं. सोमवारी मंडळाच्या रक्तदाब तपासणी शिबिराचे डॉक्टर आयत्या वेळी गळाले. मंगळवारी खोलीची चावी हरवली. बुधवारी तिच्यात कोणालाच काही सांगायचं त्राण नव्हतं. गुरुवारी तळवडेकर पाचूबंदरला पोचलेसुद्धा.

मग ते चालूच राहिलं. इग्नेशियसांची नजर अधू असणार असं ठरवून तळवडेकर त्यांना पेपर मोठ्याने वाचून दाखवू लागले, अग्रलेखासकट. इग्नेशियस तो निमूट ऐकायचे, कारण बिचाऱ्याला घरी वाचून दाखवायला कोणी नाही. तळवडेकरांचे पाय लटपटतात असं इग्नेशियसांना वाटलं, म्हणून ते त्यांना हाताला धरून जेट्टीपर्यंत न्यायचे. तळवडेकर हात धरू द्यायचे, कारण म्हाताऱ्याला आधार लागतो पण मागायला लाज वाटते. मासळीचा लिलाव संपल्यावर सुकत टाकलेल्या जाळ्यांमधून दोघं असे चालायचे की बघणाऱ्याला कळू नये, कोण कोणाला नेतोय.

फोन दोघांचे येतच होते.

"सुधारणा आहे," तळवडेकर सांगायचे. "काल पहिल्यांदा मनमोकळं हसले."

"आता जरा मानसात आला," इग्नेशियस सांगायचे. "पयल्यांदा शर्टाचा वरचा बटन सोडला त्याने."

अश्लेषा दोघांनाही छान म्हणायची आणि फोन ठेवून कपाळ चोळत बसायची. गंमत अशी की मंडळातली एवढी एकच जोडी होती जिने एकही आठवडा चुकवला नव्हता. ती मोडायचा धीर होईना. रात्री तिने सुधाकरला सगळं सांगितलं.

"मग अडचण काय?" तो म्हणाला. "दोघं खूश आहेत."

"अडचण ही, की ज्या दिवशी कळेल त्या दिवशी दोघांनाही वाटेल, आपल्याला कोणीतरी म्हातारा समजून फसवलं."

सुधाकरने यावर हं म्हटलं नाही. तिच्या न संपलेल्या ताटाकडे बघितलं फक्त.

आणि तो दिवस अध्यक्षा मनोरमाबाईंनी आणला. मनोरमाबाईंना संस्थेतलं सगळ्यात जास्त काही आवडत असेल तर तो माईक. त्यांनी वार्षिक मेळावा जाहीर केला आणि वर सांगितलं, "ती पाचूबंदरची जोडी मला स्टेजवर हवी. आदर्श जोडी!"

"नको बाई," अश्लेषा म्हणाली. "ती माणसं बुजरी आहेत."

"बुजरी असली तर अजून चांगली. लोक रडतात."

अश्लेषाने मग निदान एवढं कबूल करून घेतलं की दोघांना फक्त 'आमची जोडी' म्हणायचं, लाभार्थी हा शब्द तोंडातून काढायचा नाही. मनोरमाबाईंनी मान हलवली. त्यांचं लक्ष फुलांच्या ऑर्डरकडे होतं.

मेळावा माणिकपूरच्या एका हॉलमध्ये झाला. हॉल भरला होता, कारण शेवटी बिर्याणी होती. इग्नेशियस पांढऱ्या शर्टात आले, तळवडेकर कोट घालून. दोघांनी एकमेकांच्या खुर्च्या पुसून दिल्या. अश्लेषा चहाच्या मोठ्या पिंपामागे उभी राहिली आणि मनातल्या मनात अध्यक्षांचा घसा बसावा म्हणून प्रार्थना करू लागली.

घसा बसला नाही.

"आणि आता," मनोरमाबाई म्हणाल्या, "या जोडीतल्या आपल्या लाडक्या लाभार्थ्याने दोन शब्द बोलावेत!"

टाळ्या वाजल्या. तळवडेकरांनी इग्नेशियसांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना हळूच पुढे ढकललं. त्याच क्षणी इग्नेशियसांनी तळवडेकरांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना पुढे ढकललं. दोघं जागच्या जागी डोलले.

"जा, घाबरू नका," तळवडेकर कुजबुजले. "मी आहे इथे."

"तुम्ही जा. मी हाय ना मागे."

माईक जवळ असल्याने कुजबुज सगळ्या हॉलने ऐकली. तळवडेकर पुढे झाले आणि लोकांना समजावून सांगू लागले, "हे जरा बुजरे आहेत. मी यांच्याकडे दर गुरुवारी जातो तेव्हा सुरुवातीला हेसुद्धा..."

"कोन बुजरा?" इग्नेशियस म्हणाले. "तुम्ही जाता? तुम्हाला माझ्याकडे पाठवतात!"

"सेवेसाठी पाठवतात."

"म्हंजे मी सेवा करावी म्हनून!"

हॉलमध्ये आधी एक जण हसला, मग सगळाच हॉल. मनोरमाबाईंना वाटलं कार्यक्रम रंगला, त्याही हसल्या. फक्त स्टेजवरचे दोघं हसत नव्हते. ते एकमेकांकडे असे बघत होते जणू आत्ताच भेटले. मग दोघांनीही मान वळवून अश्लेषाला शोधलं. पिंप मोठं होतं, पण तेवढं मोठं नव्हतं.

"मॅडम," तळवडेकरांनी विचारलं, "आमच्यातला लाभार्थी कोण?"

अश्लेषा स्टेजवर गेली. विमा कंपनीत अशा वेळी वापरायची बरीच वाक्यं तिला पाठ होती. त्यातलं एकही वापरावंसं वाटलं नाही.

"कोणीच नाही," ती म्हणाली. "दोघंही स्वयंसेवक म्हणून आला होतात. माझ्या ऐकण्यात चूक झाली. कळलं तेव्हा सांगायला हवं होतं, तेही सांगितलं नाही."

तळवडेकरांनी कोटाचं बटण लावलं. बिर्याणीला न थांबता दोघं निघून गेले, आणि हॉलबाहेर रिक्षा एकच उभी होती म्हणून त्याच रिक्षात बसले. मेळाव्याला आलेला सुधाकर त्यांना सोडायला बाहेरपर्यंत धावला, एवढं तिला खिडकीतून दिसलं.

त्या आठवड्यात दोघांपैकी कोणाचाही फोन आला नाही. अश्लेषाला वाटलं होतं फोन थांबले की डोकं शांत होईल. उलट दर वेळी फोन वाजला की ती नाव बघायची आणि तिचं तोंड उतरायचं. बुधवारी तिने मनोरमाबाईंना राजीनामा पाठवला. त्यांचं उत्तर आलं: दोन हात जोडलेले, आणि खाली, "शुक्रवारच्या शिबिराला खुर्च्या कोण सांगणार?"

गुरुवारी ती घरीच राहिली. दुपारी दाराची बेल वाजली. दारात तळवडेकर आणि इग्नेशियस. एकाच्या हातात पेपर, दुसऱ्याच्या हातात स्टीलचा डबा.

"या," ती कशीबशी म्हणाली. "मला तुमची माफी..."

"ते मागाहून," तळवडेकर आत येत म्हणाले. "आम्ही भेटीसाठी आलो आहोत. तासभर."

"कोणाच्या भेटीसाठी?"

"तुमच्या," इग्नेशियस म्हणाले. "नाव आलाय आमच्याकडे. मानूस दिवसभर लोकांत असतो पन एकटा हाय, झोप नाही, धड जेवत नाही."

"कोणी दिलं माझं नाव?"

दोघांनी सुधाकरकडे बघितलं. सुधाकर पायात चपला सरकवत होता. "रिक्षात बसवताना सांगितलं," तो म्हणाला. "मी जरा बाजारात जाऊन येतो."

"अहो, मी लाभार्थी नाही," अश्लेषा म्हणाली.

"सुरुवातीला सगळे असंच म्हणतात," तळवडेकरांनी पेपर उलगडला. "वाद घालायचा नाही, असं तुम्हीच सांगितलं होतंत."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मनोरमाबाई. इग्नेशियसांनी तो टेबलावरून उचलला, "बाय भेटीत हायत, खुर्च्या तुम्ही सांगा," असं म्हणाले आणि उशीखाली ठेवून दिला. मग दोघांची सोफ्यावर कुठे कोणी बसायचं यावरून कुरबुर झाली. तळवडेकरांना पंखा सोसत नव्हता, इग्नेशियसांना पंख्याशिवाय चालत नव्हतं.

अश्लेषा त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या मनात आलं, बिचारे दोघं. एकाचा मुलगा कॅनडात, दुसऱ्याचे समुद्रावर. गुरुवारी दुपारी जाणार तरी कुठे? आपल्यामुळे एवढं झालं, आता निदान मन मोडायला नको. तासभर ऐकून घेऊ, त्यांना बरं वाटेल. असा विचार करून तिने पाय वर घेतले, मान मागे टेकली आणि अग्रलेख ऐकू लागली.

जाग आली तेव्हा बाहेर दिवे लागले होते. अंगावर चादर होती. सुधाकर सिंकपाशी उभा राहून कप विसळत होता.

"गेले?" तिने विचारलं.

"मघाशीच."

"काही म्हणाले?"

"म्हणाले, केस अवघड आहे," सुधाकर म्हणाला. "आता सोमवारीपण यावं लागेल."