सगळ्यांचा एकच पेशंट

गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात सगळे त्याला वकील म्हणत. कोर्टाची पायरी तो कधी चढला नव्हता, काम कापडाच्या थप्प्या कापायचं. पण कुठल्याही नियमातून पळवाट काढावी तर त्यानंच!

त्या वर्षी विम्याचा नवा नियम आला. डॉक्टरकडे गेलं की दर खेपेला खर्चाचा एक हिस्सा पेशंटनं भरायचा. लोक ऊठसूट दवाखान्यात पळतात, खिशाला झळ बसली की जबाबदारी कळेल, असं साहेबांनी भाषणात सांगितलं. जबाबदारी लगेच कळली. सगळा शिलाई विभाग खोकत खोकत जबाबदार झाला.

वकिलानं डबा खाताना जाहीर केलं, "हिस्सा दुखण्यामागे नाही, खेपेमागे आहे. मग खेप एकच करू. सगळ्यांची दुखणी मी घेऊन जातो."

झालं! सगळ्यांनी वर्गणी काढून त्याचा हिस्सा भरला. इस्त्रीवाल्याचा खोकला आणि काजेवाल्या मावशींची खाज अंगावर घेऊन तो गेला आणि औषधं वाटून सगळे बरे झाले. विमा कंपनीला शेरास सव्वाशेर भेटला म्हणून वकील आठवडाभर कॉलर ताठ करून फिरला.

दुसऱ्या खेपेच्या सकाळी बायको म्हणाली, "जिना चढताना छातीवर कुणी बसल्यासारखं होतं हो. डावा हातही भरून येतो." ती त्याच कारखान्यात बटणं लावायची. त्यानं तिला सोबत यायला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही जाताच आहात ना? माझं एकटीचं वेगळं कशाला भरायचं?"

या वेळी डॉक्टर नेमका नवा आणि कसून चौकशी करणारा निघाला. वकिलानं टाच सांगितली, पित्त सांगितलं. पाळी गेल्यापासून अंगातून वाफा निघतात, हे मावशींचं दुखणंही तो बोलण्याच्या भरात सांगून बसला. डॉक्टरांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. मग त्यानं छातीचं सांगितलं, तसे डॉक्टर गंभीर झाले. त्याला आडवं करून छातीला वायरी चिकटवल्या. खरं सांगावं असं वकिलाला फार वाटलं. पण सांगितलं तर सगळ्यांचा विमा जायचा!

"हृदय ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले. "बाकीचं सगळं मनाचं. शांत झोप हवी तुम्हाला."

झोपेच्या गोळ्या वकिलानं इमानदारीनं सगळ्यांना वाटल्या. दुपारी अर्धा विभाग मशीनवर पेंगत होता आणि पँटच्या पायांना शर्टाच्या बाह्या जोडल्या जात होत्या. मुकादम बोंबलत सुटला.

बायकोला तो म्हणाला, "घाबरायचं कारण नाही. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, चांगला आहे." यात खोटा शब्द एकही नव्हता. घरी पोचेपर्यंत त्याचं त्यालाही ते खरं वाटायला लागलं होतं. तिला इतकं हायसं वाटलं, की जिन्यात मधेमधे टेकायची सवय तिनं सोडून दिली. उगाच कौतुक नको म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात बटणांचं खोकं घेऊन वर जाताना ती जिन्यात कोसळली.

इस्पितळाच्या खिडकीतल्या कारकुनानं वकिलाला धीर दिला. जीव धोक्यात असला की हिस्सा माफ असतो, आता कितीही खर्च होवो, सगळा विमाच भरणार. बिचारा मनापासून सांगत होता.

बऱ्याच वेळानं हृदयाच्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. जीव वाचला होता, पण हृदय निम्मं निकामी झालं होतं. आता मशीनवर बसणं नाही, जिना नाही.

"इतके दिवस अंगावर काढलंत?" त्या चिडून म्हणाल्या. "वेळेवर आला असतात तर नुसत्या गोळ्यांवर भागलं असतं. कुणाला दाखवलं का नाही?"

"दाखवलं होतं," वकील म्हणाला.

"मग आलेख काढला नाही त्यांनी?"

"काढला होता."

"कसा होता?"

आयुष्यात पहिल्यांदाच वकिलाला पळवाट सापडेना.

"चांगला होता," तो म्हणाला. "माझा होता."